तांबड्या बाजूचा कॅप्टन

समोरच्याची बरगडी मोडली आणि वर स्वतःच चार-शून्याने हरला, असा माणूस दत्तप्रसाद धुरीने आयुष्यात एकच बघितला. त्याचं नाव यूसुफ. तुर्कस्तानचा. कुवेतमधल्या सालमियात समुद्रापासून दुसऱ्या गल्लीत एका जुन्या इमारतीच्या तळघरात तो पोरांना तायक्वांदो शिकवायचा. वय त्रेचाळीस, अंगाने सुकटासारखा काटक, डावा गुडघा दोनदा उघडून शिवलेला. कुवेतात खेळ शिकवणाऱ्या कुणालाही कॅप्टन म्हणायची पद्धत, मग तो फुटबॉलचा असो नाहीतर पोहण्याचा. तसा हा कॅप्टन यूसुफ.

दत्तप्रसाद कुडाळकडचा, एसी दुरुस्तीवाला, कंपनीच्या व्हिसावर आलेला. पाच वर्षांपूर्वी जूनच्या उन्हात तळघराचा एसी मेला म्हणून कंपनीने त्याला धाडलं. तो शिडीवर चढून पॅनल उघडतोय, तर खाली एक माणूस एकटाच, भिंतीला टेकवलेल्या जाड गादीकडे पाठ करून उभा. हा कसली वाट बघतोय म्हणेपर्यंत तो गर्रकन फिरला आणि गादीत पाय असा हाणला की शिडी थरथरली. दत्तप्रसादच्या हातातला स्क्रू खाली पडला. माणसाने तो उचलून वर दिला.

"एसी चालू कर," तो हिंदीत म्हणाला. "मी मरतोय."

एसी चालू झाल्यावर दत्तप्रसाद शिडी घडी करून उभाच राहिला. "कॅप्टन, ती लाथ मला शिकवाल?"

"वय किती?"

"एकतीस."

"उशीर झाला."

"तुमचं किती?"

"मलापण उशीर झालाय. उद्या ये."

तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस काम सुटल्यावर दत्तप्रसाद रिग्गईच्या खोलीवर न जाता सालमियाला जायचा. कॅप्टन त्याला शिकवायचा, तो कॅप्टनचा एसी, दिवे, पंखे जिवंत ठेवायचा. कंपनीला ह्याचा पत्ता नव्हता. एकाच्या व्हिसावर येऊन दुसऱ्याकडे हात लावताना सापडला तर सरळ घरी पाठवतात, एवढं त्याला ठाऊक होतं. पण आवड लागली की माणूस पाय कुठे टाकतो ते बघत नाही.

दोघांची बोली म्हणजे निम्मी हिंदी, पाव अरबी आणि बाकीचे हातवारे. त्यातूनच यूसुफची सगळी कहाणी दत्तप्रसादला तुकड्यातुकड्याने कळली.

यूसुफचा बापूस मेंढरं राखायचा. गाव अनातोलियाच्या पठारावर, थंडीत शब्दाच्या आधी तोंडातून वाफ बाहेर पडणारं. पाच भावंडांत हा शेवटचा. तायक्वांदोच्या वर्गाला तो गेला ते खेळासाठी नाही, त्या खोलीत शेगडी होती म्हणून. मास्तर म्हणाला, बसून राहायचं असेल तर बाहेर बस, आत लाथ मारावी लागेल. पोरगं लाथ मारायला लागलं. सोळाव्या वर्षी जिल्ह्याला, अठराव्या वर्षी तुर्कस्तानच्या तरुण संघात, अठ्ठावन्न किलोच्या गटात. एकविसाव्या वर्षी युरोपच्या तरुणांच्या स्पर्धेत रुप्याचं पदक. बापसाने त्या दिवशी गावाला मेंढा कापून घातला. तो मेंढा नेमका कुणाचा होता ह्यावरून मग दोन घरांत वर्षभर भांडण.

त्याची लाथ पाठमोरी. समोरचा अंगावर येतोय असं बघितलं की हा त्याला चक्क पाठ दाखवायचा. पळतोय की काय असं समोरच्याला वाटेपर्यंत ह्याची टाच त्याच्या कुशीत. आवाज असा फुटायचा की कोपऱ्यात पेंगणारे पंच ताठ बसायचे. त्या काळी पंच डोळ्यांनी आणि कानांनी गुण द्यायचे, आणि यूसुफच्या लाथेला दोन्हींचा भरपूर पाठिंबा होता.

मग मशीन आलं.

चेस्ट गार्डच्या पोटात सेन्सरच्या पट्ट्या, पायात चुंबक शिवलेले मोजे, टेबलावर कॉम्प्युटर. ज्याच्या अंगात गार्ड, त्याला बसलेली लाथ ते गार्ड सांगणार आणि गुण समोरच्याला मिळणार. आवाजाची किंमत शून्य झाली. एक पाय उचलून बगळ्यासारखं उभं राहायचं आणि समोरच्याच्या गार्डला तळव्याने टिचक्या मारत बसायचं, असा खेळ झाला. यूसुफची टाच मात्र चुंबकाला चुकवून लागायची. मशीनला ती दिसायचीच नाही. देशाच्या निवड चाचणीत त्याने एका पोराला अशी हाणली की पोराचा रंगच उडाला, पण पोरगा चिवट. वेळ संपेपर्यंत कळ सोसली, चार-शून्याने जिंकला आणि तिथून इस्पितळात गेला. बरगडी मोडली होती. संघात तो गेला. यूसुफ एका दुकानात खेळाचे बूट विकायला लागला.

"मग सोडलंत?" दत्तप्रसादने विचारलं होतं.

"नाही ना," यूसुफ म्हणाला. "तिथेच तर चुकलं."

आठ वर्षं घालवून त्याने आपली लाथ नव्याने शिकून घेतली. टाचेऐवजी अख्खा तळवा टेकवायची सवय पायाला लावली. सवय लागली तोपर्यंत वय निघून गेलं होतं. कुणीतरी कुवेतला कोच पाहिजे म्हणाला, आला. बायको दोन वर्षं इथे राहिली, मग माहेरी म्हणून गेली ती परतली नाही.

आता गजाल अशी झाली, की तळघराच्या मुदीरने, म्हणजे मालक आणि मॅनेजर दोन्ही जो होता त्याने, नोव्हेंबरात कॅप्टनला बोलावून घेतलं. आमिर नावाचा अम्मानचा एक खेळाडू कामाला यायला तयार होता. वय अठ्ठावीस, पदकं ताजी. कॅप्टनचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, डिसेंबरात संपत होता. मुदीरला दोघांपैकी एकच ठेवायचा होता. खेळातलं त्याला काही कळत नव्हतं, आकडा कळत होता. तो म्हणाला, वार्षिक स्पर्धेच्या दिवशी पोरांच्या आईबापांसमोर तुम्ही दोघं खेळा. जिंकेल त्याचा इकामा मी काढतो.

"आणि हरलात तर?" दत्तप्रसादने विचारलं.

"तर डिसेंबर."

"गावी काहीतरी होईलच की कॅप्टन. तिथे तर ह्या खेळाला मान आहे."

"म्हणूनच होणार नाही. तिथे गल्लीगल्लीत माझ्यासारखे चार. त्यांच्याकडे सोनं आहे, कोचिंगचा दाखला आहे. माझ्याकडे काय? एक रुप्याचं पदक आणि एक मोडलेली बरगडी, ती पण दुसऱ्याची." तो हसला. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे भलतीकडे गेले. "भाऊ म्हणतो, ये, मेंढरं आहेत. त्यांच्यापासून तर निघालो होतो."

हॉलमध्ये मशीनचा एकच जोड होता, एक निळं गार्ड आणि एक तांबडं, पोरांनी लाथा मारून मारून खिळखिळं केलेलं. मधोमध मारलं तर वाजायचं, उजव्या कुशीत मारलं तर ढिम्म. दोन्हींची तीच कथा. नवं मागवायला मुदीर तयार नव्हता. अडगळीत तिसरं एक फाटकं गार्ड पडलं होतं. दत्तप्रसाद म्हणाला, मी बघतो. तिन्ही गार्ड आणि चुंबकाचा एक मोजा पिशवीत घालून तो रिग्गईला खोलीवर घेऊन आला.

शुक्रवारची सकाळ. खोलीतला गणपत, त्याच्याच वाडीतला, पन्नाशी उलटलेला सुतार, गॅसपाशी बसून सुरमईचे तुकडे करत होता.

"ह्या काय हाडलंस रे? कासवाची पाठ?"

"चेस्ट गार्ड, काकानू. आतले सेन्सर मेलेले आसत."

"मगे जित्ते कर. लोकांचे एसी जित्ते करतंस, ह्या काय भारी?"

दत्तप्रसादने फाटकं गार्ड उसवलं. आतून ज्या धड पट्ट्या निघाल्या त्या मोजल्या, परत मोजल्या.

"काय झाला?"

"एकाच गार्डापुरत्यो आसत."

"मगे खयचा करतंस?"

"तांबडा. स्पर्धेच्या कागदार कॅप्टन निळ्यात आसा, तो आमिर तांबड्यात. कॅप्टनाची लाथ बसतली ती तांबड्यार. ती तरी मशिनीक कळाक होयी."

गणपतने सुरी थांबवली. "आणि तेची लाथ निळ्यार बसली तर?"

दत्तप्रसादने सोल्डरची कांडी गरम केली. धूर झाला. पहिली पट्टी त्याने चिमट्यात धरली.

"अर्धे अर्धे घाल, मेल्या."

"अर्ध्यान काय्येक होवचा नाय, काकानू. दोनय लंगडीच रवतली."

"मगे लंगडीच रवांदेत. एका बाजून रंधो मारून दार बसत नाय, इतक्या माका सुताराक कळता." आणि तो परत सुरमईकडे वळला. "माका काय? तुझो कॅप्टन, तुझो कारभार."

आपण लबाडी करतोय असं दत्तप्रसादने स्वतःला एकदाही सांगितलं नाही. मी एक दुरुस्त करतोय, दुसरं मोडलं तर नाही ना? दुसऱ्याचे पार्ट मिळाले की तेही करू. उजव्या कुशीला पट्टी बसवली, टाका मारला, चुंबकाचा मोजा हातात चढवून दाबून बघितली. हलक्या हातानेसुद्धा टिंग वाजलं. इतकं चोख काम त्याने कंपनीसाठी कधी केलं नव्हतं.

शनिवारी दहा वाजता तळघर माणसांनी भरलं. पोरांचे आईबाप खुर्च्यांवर, मुदीर पुढच्या सोफ्यावर, गणपत सगळ्यांत मागे उभा. कॉम्प्युटरच्या टेबलावर दत्तप्रसाद, कारण ते मशीन फक्त त्याचंच ऐकायचं. आमिर आला, आधी कॅप्टनला वाकून नमस्कार केला, मग हात हातात घेतला. बरा पोरगा होता. राग धरायलासुद्धा त्याने जागा ठेवली नाही.

पंचाने कागद बघून दोन्ही गार्ड उचलली. तेवढ्यात यूसुफने मधे हात घातला.

"पाहुणा आलाय. आधी पाहुण्याने निवडायचं."

बाहेरचा खेळाडू हॉलमध्ये आला की कॅप्टन हे दरवेळी करायचा. त्याच्या गावात पाहुण्याला विचारल्याशिवाय ताटसुद्धा मांडत नाहीत. दत्तप्रसादने हे पाच वर्षांत दहा-बारा वेळा बघितलेलं. पट्ट्या मोजताना, टाके घालताना, कागदावरची नावं वाचताना त्याला हे एकदाही आठवलं नव्हतं.

"निळं," आमिर म्हणाला.

"चांगलं झालं," यूसुफ म्हणाला. "तांबडा माझ्या देशाचा रंग."

आणि त्याने तांबडं गार्ड अंगावर चढवलं. मागचे बंद बांधायला त्याने टेबलाकडे पाठ केली. ते बंद दत्तप्रसादनेच बांधले. आता सांगावं, आत्ताच, असं त्याला वाटलं. पण सांगायचं काय? एकाला नवं काळीज घातलंय आणि एकाला नाही? कुणासाठी घातलं म्हणून विचारतील. मुदीर म्हणेल, कॅप्टनने करवून घेतलं. मग मला विचारतील, तू कुठल्या कंपनीचा, इथे काय करतोस. पंचाने हातात चुंबकाचा मोजा चढवून दोन्ही गार्डांच्या मधोमध एकेक थाप मारली. दोन्ही वाजली. पंच म्हणाला, ठीक.

दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. दोन जिंकेल तो जिंकला.

पहिली फेरी बघवत नव्हती. आमिरचा पुढचा पाय वर गेला की तांबड्या कुशीला नुसता पदर लागावा तसा लागायचा, आणि टिंग. परत टिंग. यूसुफच्या लाथा निळ्या कुशीत धपाधप बसत होत्या, खुर्च्यांवरच्या बायका दचकत होत्या, आणि फळा मुका. मधोमध बसली तेवढी एकच वाजली. आठ-दोन, आमिर पुढे.

विश्रांतीत यूसुफ कोपऱ्यात येऊन आपल्या उजव्या पायाकडे बघत बसला. मोजा काढून परत घातला.

"दत्ता, पाय लागतोय ना? की मलाच वाटतंय?"

"लागतोय कॅप्टन," दत्तप्रसाद म्हणाला. "डोक्यावर मारा." डोक्याचे गुण कोपऱ्यांत बसलेले तीन पंच डोळ्यांनी बघून द्यायचे. तिथे मशीन नव्हतं.

दुसऱ्या फेरीत यूसुफने डोक्यावर मारली. आमिर पुढे झेपावला, ह्याने पाठ फिरवली, आणि सगळ्यांची नजर खाली कुशीकडे असताना पाय वरून फिरत आला आणि आमिरच्या हेल्मेटला कानापाशी बसला. तिन्ही पंचांची बोटं एकदम वर गेली. पाच गुण. मागून गणपत ओरडला, "आयशीचो घो!" आणि त्या कुवेती-मिसरी-हिंदी गर्दीत ते सगळ्यांना कळलं. पाच-चारने दुसरी फेरी यूसुफची.

तिसऱ्या फेरीत शेवटची दहा सेकंदं राहिली तेव्हा सहा-चार होतं, आमिर पुढे. यूसुफचा गुडघा सुजून बाहेर आला होता. आमिर वेळ काढायला मागे सरकत होता, मग कशाला कोण जाणे, एक पाऊल पुढे आला. यूसुफने पाठ दाखवली. तळवा उजव्या कुशीत पूर्ण बसला. अख्खा तळवा, जसा आठ वर्षं घोटून बसवला होता. आमिर दुमडला, दोन पावलं मागे गेला, गुडघ्यावर आला. वळून मारलेल्या त्या लाथेचे चार गुण होतात. आठ-सहा.

फळ्यावर सहा-चारच.

पंचाने फळ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. यूसुफनेही बघितलं. टेबलावरच्या माणसाने फक्त हात वर करायचा होता. गार्ड तपासा, एवढंच म्हणायचं होतं. दत्तप्रसादचा हात माऊसवर होता, तो तिथेच राहिला. आमिर उठून उभा राहिला. घड्याळ संपलं.

मुदीरने दोघांशी हात मिळवला. आमिरशी जरा जास्त वेळ.

खोलीवर गणपतने एकच वाक्य विचारलं. "तांबड्यातच होतो ना तो?"

"होय."

गणपतने चहाचं पातेलं धुतलं, पुसलं, परत धुतलं. "आता गप रव," तो म्हणाला. "सांगशीत तर तो परत येवचो नाय आणि तूय हयसून जाशीत. शिरा पडली त्या मशिनीर."

दत्तप्रसाद आठ दिवस गप्प राहिला. त्या आठ दिवसांत कॅप्टनचा इकामा रद्द झाला, तिकीट आलं, आमिरने पोरांच्या नावांची यादी लिहून घेतली. नवव्या दिवशी दुपारी दत्तप्रसाद कामाची गाडी महबूलाला जायच्या ऐवजी सालमियाला घेऊन गेला. तळघरामागच्या खोलीत यूसुफ बॅग भरत होता. चार कपडे, गुडघ्याचा पट्टा, पदक एका मोज्यात गुंडाळलेलं.

दत्तप्रसादने दारातच उभं राहून सगळं सांगितलं. पट्ट्या, कूस, कागद, तांबडं, निळं. हिंदी अडली तिथे मालवणी आली, तीही यूसुफने ऐकून घेतली.

यूसुफ खाटेवर बसला.

"म्हणजे ती बसली होती. शेवटची."

"बसली होती कॅप्टन. पुरी बसली होती."

"आठ दिवस मी ह्या पायाला शिव्या देतोय," यूसुफ म्हणाला. पायावरून त्याने हात फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "म्हातारा झालास म्हणून."

"मी मुदीरला सांगतो. आत्ता चला, सांगतो."

"पाच वाजता विमान आहे. पासपोर्टवर शिक्का पडला." त्याने वर बघितलं. "दुसऱ्याच दिवशी का नाही आलास?"

यूसुफने उत्तर त्याच्या अंगावरच्या कंपनीच्या शर्टावर वाचलं असावं. तो परत बॅगेकडे वळला.

"मी निळ्यात असतो आणि जिंकलो असतो, तर सांगितलं असतंस?"

"नाही."

"हां."

चेन अर्ध्यावर अडकली. दत्तप्रसाद मदतीला पुढे झाला. यूसुफने हाताने त्याला लांब केलं, स्वतः चेन मागे घेतली, परत ओढली.

"दुसऱ्या फेरीतली," तो बॅगेकडे बघतच म्हणाला. "डोक्यावरची. ती खरी होती?"

"ती खरीच, कॅप्टन. तिथे मशीनच नव्हतं. तिन्ही पंचांनी बघितली. आयेची शपथ."

यूसुफ काही वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, खेळाच्या आधी समोरच्याकडे बघायचा तसा.

"आणि हे तू सांगतोयस," तो म्हणाला.

त्याने बॅग उचलली, दत्तप्रसाद दारात होता म्हणून थांबला, तो बाजूला झाल्यावर जिना चढून गेला. एका पायाने चढायचा, दुसरा ओढून घ्यायचा. वर टॅक्सीवाल्याने डिकी उघडल्याचा आवाज आला. दत्तप्रसादचा फोन वाजत होता. महबूलाहून फोरमन विचारत होता, एसी बंद पडून लोक खोळंबलेत, तू आहेस तरी कुठे.